फेलो, अधिछात्र आणि सन्मानकरी : विज्ञान अकादम्यांचे मान कोणाला आणि कसे मिळतात?

पुण्याहून सोलापूरकडे जाणारी गाडी दौंड सोडून भिगवणच्या पुढे आली, की उजनी जलाशयाचे पाणी काही काळ सोबत करते आणि मग करमाळा तालुक्यातील जेऊर हे स्थानक लागते. तालुक्याचे ठिकाण करमाळा असले, तरी रेल्वे आहे ती जेऊरला. त्यामुळे शिक्षणासाठी पुण्या-मुंबईस निघालेल्या या भागातील मुलामुलींचा प्रवास बहुधा याच फलाटावरून सुरू होतो. अशा एखाद्या मुलीने विज्ञानाची पदवी घेतली, 'नेट' परीक्षेत वरचा क्रमांक मिळवला आणि तिला संशोधनासाठी दरमहा रक्कम सुरू झाली, तर स्थानकाबाहेरच्या चौकात अभिनंदनाचा फलक लागतो : 'फेलोशिप मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' नेमक्या त्याच आठवड्यात पुण्यातील एखाद्या साठीच्या घरातील प्राध्यापकांना 'राष्ट्रीय विज्ञान अकादमीची फेलोशिप' मिळाल्याची बातमी वृत्तपत्रात येते. शब्द एकच, पण या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

हे अंतर ठाऊक नसल्यामुळे होणारे घोटाळे केवळ शब्दांचे राहत नाहीत. नावापुढे लावलेल्या अक्षरांवर विश्वास ठेवून पालक महाविद्यालय निवडतात, संस्था तज्ज्ञ म्हणून कोणाला बोलवायचे ते ठरवतात आणि सरकारही सल्ला घेते. म्हणून ही अक्षरे कोठून येतात, ती कोण देते आणि कोणाला देत नाही, हे एकदा नीट समजून घेणे उपयुक्त ठरेल.

एका शब्दाचे दोन अर्थ

तरुण संशोधकाला पीएच.डी. करताना उदरनिर्वाहासाठी जी रक्कम मिळते, तिला मराठीत 'अधिछात्रवृत्ती' असा चांगला शब्द आहे. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद आणि विद्यापीठ अनुदान आयोग यांच्या 'नेट'मधून मिळणारी कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती ही त्यातील सर्वांत परिचित. जानेवारी २०२३ पासून तिची रक्कम दरमहा ३७ हजार रुपये झाली. महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थांच्याही अधिछात्रवृत्त्या आहेत. त्या वेळेवर मिळाव्यात म्हणून संशोधक विद्यार्थ्यांना वारंवार आंदोलने करावी लागली, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. हा पैसा आहे, तो ठरावीक मुदतीपुरता आहे आणि त्यासाठी अर्ज करावा लागतो.

अकादमीची फेलोशिप याच्या अगदी उलट आहे. ती निवडणुकीने मिळते, आजीव असते आणि तिच्यासोबत पगार येत नाही. आपल्याच क्षेत्रातील थोरांनी 'हा आपल्यातला' असे मान्य करणे, एवढाच तिचा अर्थ. यासाठी 'अधिसदस्यत्व' हा शब्द वापरून पाहण्यात आला. तो रुळला नाही. वृत्तपत्रे 'फेलो' असेच लिहितात. मुंबईत १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने मात्र आपल्याकडील अशा मानासाठी 'सन्मानकरी' हा शब्द घेतला. प्रस्तुत लेखकाच्या मते तो या सर्वांहून सुंदर आहे आणि त्याचा वापर परिषदेबाहेरही व्हावयास हरकत नाही.

तिसरा एक प्रकार आहे आणि गोंधळ बहुतेक तेथेच होतो. काही व्यावसायिक विद्वत्सभा आपल्या सभासदांनाच 'फेलो' म्हणतात. लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे किंवा रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीचे फेलो होण्यासाठी पात्र व्यक्तीला अर्ज करता येतो आणि वार्षिक वर्गणी भरावी लागते. यात गैर काही नाही. या संस्था अत्यंत प्रतिष्ठित आहेत. परंतु 'लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो' या बिरुदाशी त्यांची गल्लत होता कामा नये. एफ.आर.एस. आणि एफ.आर.ए.एस. यांत एका अक्षराचा फरक दिसतो. प्रत्यक्षात तो फार मोठा आहे.

मुंबईच्या गोदीपासून लंडनपर्यंत

रॉयल सोसायटीची स्थापना १६६० मधील. तिचे पहिले भारतीय फेलो मुंबईचे होते, ही गोष्ट मुंबईकरांनाही फारशी ठाऊक नसते. जहाजबांधणी करणाऱ्या वाडिया घराण्यातील अर्देशीर खरशेदजी यांची १८४१ मध्ये निवड झाली. माझगावच्या आपल्या घरी गॅसचे दिवे लावणारे आणि वाफेच्या यंत्रांचा ध्यास घेतलेले हे अभियंता. त्यांच्यानंतर दुसऱ्या भारतीयाची, म्हणजे श्रीनिवास रामानुजन यांची, निवड व्हायला १९१८ साल उजाडले. मधली सत्त्याहत्तर वर्षे या देशात कोणी विद्वानच नव्हता, असे म्हणण्याचे धाडस कोण करील? नावे सुचवणारे आणि मते देणारे सारे तिकडचेच होते, हे कारण अधिक खरे आहे.

निवडीची रीत आजही मूलतः तीच आहे. विद्यमान फेलोंपैकी दोघांनी नाव सुचवावे लागते. सुचवलेले नाव सात वर्षे विचारात राहते. विषयवार समित्या कामाची छाननी करतात, जगभरातील तज्ज्ञांची मते मागवतात आणि शेवटी मतदान होते. एका वर्षी निवड झाली नाही, तर पुढच्या वर्षी पुन्हा तुलना होते. अनेक वर्षे ही संख्या वर्षाला कमाल ५२ एवढीच मर्यादित होती. अलीकडे ती वाढवण्यात आली. निवड झालेला फेलो ज्या वहीत सही करतो, त्याच वहीत न्यूटनची सही आहे.

त्या वहीत सही केलेल्यांमध्ये रघुनाथ अनंत माशेलकर यांचे नाव मराठी वाचकांना सर्वाधिक परिचित आहे. १९४३ साली गोव्यातील माशेल येथे जन्म, वडिलांचे छत्र लवकर हरपल्यावर मुंबईत आईच्या कष्टांवर शिक्षण, मग माटुंग्याच्या 'यूडीसीटी'त रासायनिक अभियांत्रिकी आणि १९६९ मध्ये पीएच.डी. त्यांचे मार्गदर्शक होते प्रा. मनमोहन शर्मा. शर्मा मूळचे जोधपूरचे. पण त्यांची कारकीर्द घडली ती माटुंग्यात. १९९० साली शर्मा आणि १९९८ साली माशेलकर असे गुरू-शिष्य एकाच संस्थेच्या परंपरेतून रॉयल सोसायटीवर निवडले गेले. माशेलकर पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीचे (२००३) आणि राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे (२००५) परदेशी सहयोगी झाले.

कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे १९५६ मध्ये जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी यांची निवड २००१ साली झाली. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये काम करणाऱ्या कुलकर्णी यांना २०२४ मध्ये खगोलशास्त्राचा शॉ पुरस्कारही मिळाला.

अशी निवड नाकारण्याचा किंवा परत करण्याचा प्रसंग विरळा. चंद्रशेखर वेंकट रामन १९२४ मध्ये फेलो झाले आणि १९६८ मध्ये त्यांनी त्या फेलोशिपचा राजीनामा दिला. त्याचे कारण कोठेही नोंदले गेलेले नाही. याच रामन यांच्या हट्टी स्वभावाचा भारतातील अकादम्यांच्या जन्माशी जवळचा संबंध आहे.

एका देशात तीन अकादम्या का?

जगातील बहुतेक देशांत एकच राष्ट्रीय विज्ञान अकादमी असते. आपल्याकडे तीन आहेत आणि त्यांच्या कथेतील कळीचा प्रसंग मुंबईत घडला.

मेघनाद साहा यांनी १९३० साली अलाहाबादेत संयुक्त प्रांतासाठी एक अकादमी सुरू केली होती. जानेवारी १९३४ मध्ये भारतीय विज्ञान परिषदेचे अधिवेशन मुंबईत भरले, तेव्हा साहा अध्यक्ष होते आणि देशपातळीवरील एका अकादमीचा प्रस्ताव तेथे पुढे आला. प्रस्ताव मान्य झाला, समिती नेमली गेली आणि तेथेच माशी शिंकली. अकादमी कोठे असावी, तिच्यावर कोणत्या प्रांताचा वरचष्मा असावा, सरकारी खात्यांतील अधिकाऱ्यांना कितपत स्थान द्यावे, यावरून कलकत्ता आणि बंगळूर असे तट पडले. समितीचे काम पूर्ण होण्याची वाट न पाहता रामन यांनी बंगळुरात 'इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस' या नावाने संस्था नोंदवली. ३१ जुलै १९३४ रोजी ६५ फेलोंसह तिचे उद्घाटन झाले. समितीने आपला मूळ मार्ग सोडला नाही. ७ जानेवारी १९३५ रोजी कलकत्त्यात 'नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सेस ऑफ इंडिया' अस्तित्वात आली. हीच पुढे दिल्लीस गेली आणि १९७० साली तिला 'भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी' हे नाव मिळाले. अलाहाबादच्या अकादमीने 'नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस, इंडिया' हे नाव धारण केले.

नावांच्या पुढील अक्षरांचा उलगडा आता सोपा होतो. एफ.एन.ए. म्हणजे दिल्लीची अकादमी, एफ.ए.एस्सी. म्हणजे बंगळूरची आणि एफ.एन.ए.एस्सी. म्हणजे अलाहाबादची, आजच्या प्रयागराजची. नामवंत शास्त्रज्ञांच्या नावापुढे ही तिन्ही अक्षरे आढळतात. तो गौरवाचा त्रिवेणी संगम म्हणावा, की तीन शास्त्रज्ञांच्या भांडणाचा नव्वद वर्षे चाललेला खर्च म्हणावा, हे ज्याचे त्याने ठरवावे. पुढे वैद्यक (१९६१), अभियांत्रिकी (१९८७) आणि कृषी (१९९०) यांच्याही राष्ट्रीय अकादम्या निघाल्या. विकसनशील देशांतील शास्त्रज्ञांसाठी अब्दुस सलाम यांनी १९८३ मध्ये इटलीतील ट्रिएस्ट येथे स्थापन केलेली अकादमी 'ट्वास' या आद्याक्षरांनी ओळखली जाते. महाराष्ट्राची स्वतःची राज्य अकादमीही आहे.

कलकत्त्याच्या संस्थेच्या उभारणीत एका मराठी माणसाचा मोठा वाटा होता. मालवणात १८८४ मध्ये जन्मलेले वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर तेव्हा कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक होते आणि नव्या संस्थेच्या पहिल्या सचिवांपैकी एक होते. तरुणपणी सह्याद्रीतील नद्यांत त्यांना गोड्या पाण्यातील जेलीफिश सापडली. तोपर्यंत तशी जात आफ्रिकेपुरतीच ठाऊक होती. निवृत्तीनंतर ते पुण्यास आले आणि १९४६ साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे संस्थापक-संचालक झाले. त्यासाठी त्यांनी स्वतःची पुंजीही लावली. १९९२ पासून त्या संस्थेला त्यांचेच नाव आहे. पुण्यातील या संस्थेवरून रोज ये-जा करणाऱ्या किती जणांना, ती देशाच्या अकादमीच्या एका संस्थापकाचे नाव असलेली संस्था आहे, याची जाणीव असेल?

निवडीमागे काय घडते?

भारतीय अकादम्यांची रीत रॉयल सोसायटीच्याच घडणीची आहे. नावे बहुतांशी विद्यमान फेलो सुचवतात. गणित, भौतिकी, रसायन, भूविज्ञान, वनस्पती, प्राणी, वैद्यक अशा विषयांच्या समित्या असतात. सुचवलेल्या व्यक्तीच्या कामातील नवे काय, हे थोडक्यात मांडावे लागते. समिती बाहेरच्या तज्ज्ञांची मते मागवते, यादी लहान करते आणि अखेरीस फेलोंसमोर ठेवते. मुलाखत नसते, भाषण नसते. आपले नाव विचाराधीन आहे याची कल्पना पुष्कळांना असते. पण त्याविषयी बोलणे शिष्टसंमत मानले जात नाही. निवड झालेल्यांची संख्या दरवर्षी मोजकीच असते.

या रीतीचे सामर्थ्य उघड आहे : ज्याला विषय कळतो तोच पारख करतो. तिची मर्यादाही त्याच ठिकाणी आहे. जो कोणाच्या नजरेस पडला नाही, त्याचे नाव सुचवणार कोण? टाटा मूलभूत संशोधन संस्था, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, भारतीय विज्ञान संस्था अशा ठिकाणी काम करणाऱ्यांच्या शेजारच्या खोलीतच एखादा फेलो बसलेला असतो. जिल्ह्याच्या गावातील महाविद्यालयात दिवसाला चार-पाच तास शिकवून संध्याकाळी प्रयोग करणाऱ्या प्राध्यापकाला असा शेजारी लाभत नाही.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचे उदाहरण येथे आठवल्यावाचून राहत नाही. डहाणूत १९०५ साली जन्म, फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण, आणि १९३० ते १९६२ पर्यंत देवळालीच्या शाळेत मास्तरकी. कोणताही चार अंकी आकडा घ्या, फक्त चारही अंक सारखे नसावेत. त्याचे अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने लिहा, आणि मोठ्यातून लहान वजा करा. उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ हा आकडा येतो आणि मग तेथून हलत नाही, कारण ७६४१ वजा १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४. हा 'कापरेकर स्थिरांक' आज जगभरच्या पुस्तकांत आहे. पण हयातीत आपल्याकडील अनेक गणितज्ञांनी त्यांच्या कामाला आकड्यांचा खेळ समजून बाजूला ठेवले. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली अमेरिकेतील 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा नाव झाले. त्यांचे काम खोल होते की केवळ रंजक, यावर मतभेद होऊ शकतील. परंतु तो प्रश्न गंभीरपणे विचारला जाण्यासाठीसुद्धा परदेशी लेखकाची वाट पाहावी लागली.

लीलावतीच्या मुली

नजरेस न पडण्याचा दुसरा, अधिक मोठा प्रकार स्त्रियांच्या वाट्यास आला. १९३३ मध्ये कमला भागवत (पुढे सोहोनी) मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम रीतीने मिळवून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेशासाठी गेल्या. संचालक होते रामन. मुलगी म्हणून त्यांनी नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेरीस अटी घालून प्रवेश मिळाला. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. घेऊन त्या परतल्या. रामन यांनी अकादमी स्थापन केली ती या नकारानंतर वर्षभरातच. एवढे मात्र नमूद केले पाहिजे, की १९३५ मध्येच त्या अकादमीने वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना फेलो म्हणून निवडले. दिल्लीच्या अकादमीत त्यांची निवड व्हायला १९५७ साल यावे लागले.

पुढची कित्येक दशके शंभर फेलोंमागे स्त्रिया दहादेखील नसत. ही गोष्ट उघडपणे, आकडेवारीनिशी आणि न चिडता सतत मांडण्याचे काम ज्यांनी केले त्यांत डॉ. रोहिणी गोडबोले यांचे नाव आधी घ्यावे लागते. १९५२ मध्ये पुण्यात जन्म, हुजूरपागेत शिक्षण, मग सर परशुरामभाऊ महाविद्यालय, मुंबईची आय.आय.टी. आणि अमेरिका. मूलकणांच्या भौतिकीत त्यांचे काम जगन्मान्य होते आणि देशातील तिन्ही विज्ञान अकादम्यांच्या त्या फेलो होत्या. हा मान मिळाल्यावर तो मिरवण्याऐवजी त्यांनी तो कामाला लावला. बंगळूरच्या अकादमीतील विज्ञानातील स्त्रियांविषयीच्या गटाचे नेतृत्व त्यांनी केले आणि राम रामस्वामी यांच्यासह 'लीलावतीज डॉटर्स' हे सुमारे शंभर भारतीय स्त्री-शास्त्रज्ञांच्या जीवनकथांचे पुस्तक संपादित केले. अकादमीनेच ते २००८ मध्ये प्रकाशित केले. भास्कराचार्यांच्या लीलावतीचे नाव त्याला दिले जाणे औचित्यपूर्ण होते. मूल लहान असताना प्रयोगशाळा सुटणे, नवरा-बायकोला एकाच संस्थेत नोकरी न देण्याचे अलिखित नियम, निवड समितीत एकही स्त्री नसणे, या गोष्टी त्यानंतर अकादम्यांच्या बैठकांत बोलल्या जाऊ लागल्या. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. दिल्लीच्या अकादमीला पहिल्या महिला अध्यक्ष, चंद्रिमा शहा, लाभल्या त्या २०२० साली, म्हणजे स्थापनेनंतर पंच्याऐंशी वर्षांनी.

पुरस्कारांचेही चित्र फार निराळे नाही. १९५८ पासून दिला जाणारा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार हा पंचेचाळिशीच्या आतील भारतीय शास्त्रज्ञाचा सर्वोच्च मान समजला जाई. २०२२ या वर्षासाठीची बारा नावे सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर झाली. त्यांत एकही स्त्री नव्हती. त्यानंतर सरकारने विज्ञान पुरस्कारांची फेररचना केली आणि २०२४ पासून 'राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार' सुरू झाले : विज्ञानरत्न, विज्ञानश्री, भटनागर यांच्या नावाचा विज्ञान युवा आणि गटासाठीचा एक. भटनागर पुरस्कारासोबत पाच लाख रुपये मिळत. नव्या पुरस्कारांत पदक आणि सन्मानपत्र आहे. २०२५ चा विज्ञानरत्न डॉ. जयंत नारळीकर यांना मरणोत्तर जाहीर झाला. वयाच्या सव्विसाव्या वर्षी, १९६५ मध्ये, पद्मभूषण मिळालेल्या आणि पुण्यात 'आयुका' उभी करणाऱ्या या कोल्हापूरच्या सुपुत्राचे २० मे २०२५ रोजी निधन झाले होते. हा मान त्यांच्या हाती देता आला असता, तर अधिक बरे झाले असते.

शेतातील विज्ञानाचे काय?

सोलापूर जिल्ह्याच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. या जिल्ह्यात विज्ञान नाही असे कोणी समजू नये. कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचे केंद्र सोलापुरात १९३३ पासून आहे. देशातील अशा अगदी आरंभीच्या केंद्रांपैकी ते एक. मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवडलेला 'मालदांडी ३५-१' हा वाण पुढे अनेक दशके महाराष्ट्र आणि कर्नाटकातील रब्बी ज्वारीचा कणा ठरला. करमाळा-जेऊरच्या काळ्या रानात शाळू पिकवणाऱ्याला हे नाव सांगावे लागत नाही. लाखो घरांच्या भाकरीशी नाते असलेला वाण निवडणाऱ्यांची नावे मात्र सर्वसामान्य वाचकाला ठाऊक नाहीत. निवड पद्धतीचे प्रजनन, वर्षानुवर्षे ठेवलेल्या नोंदी, गावोगाव बियाणे पोहोचवणे, हे काम एका माणसाच्या नावावर जमा होत नाही आणि शोधनिबंधांच्या मोजपट्टीत मावतही नाही. कृषी विज्ञानाची स्वतंत्र अकादमी निघाली ती १९९० मध्ये.

अकादमीच्या शब्दाचा शेतकऱ्याशी थेट संबंध कसा येतो, हे २०१० साली दिसले. बीटी वांग्याच्या लागवडीला फेब्रुवारी २०१० मध्ये केंद्र सरकारने स्थगिती दिली आणि देशातील सहा अकादम्यांकडून जनुकपरिवर्तित पिकांविषयी अहवाल मागवला. हे वांगे जालन्याच्या बियाणे कंपनीने विकसित केलेले असल्याने महाराष्ट्रात त्याविषयी विशेष उत्सुकता होती. सप्टेंबरात अहवाल आला, तेव्हा त्यातील काही मजकूर त्या पिकांच्या पुरस्कर्त्यांच्या लेखनातून जसाच्या तसा उचललेला असल्याचे उघडकीस आले. टीकेनंतर सुधारित अहवाल द्यावा लागला. मूळ निष्कर्ष बरोबर होते की चूक, हा स्वतंत्र प्रश्न. परंतु ज्यांच्या निवडीत एकेका वाक्याची छाननी होते, त्यांच्याच नावे असा अहवाल निघावा, याची खंत अनेक फेलोंनीच बोलून दाखवली.

पैसे भरून मिळणारे मान

ज्याला किंमत असते त्याची नक्कल निघते. गेल्या काही वर्षांत 'आंतरराष्ट्रीय अकादमी', 'जागतिक वैज्ञानिक परिषद' अशा भारदस्त नावांच्या संस्थांकडून प्राध्यापकांना पत्रे येतात : आपल्या थोर कार्याची दखल घेऊन आपणास फेलोशिप देण्यात येत आहे, सोबतच्या खात्यावर अमुक डॉलर भरावेत. पदोन्नतीच्या गुणांसाठी कोणी भरतातही. मग सत्कार होतो आणि बातमी छापून येते. कधी कधी आमच्यासारख्यांकडूनच.

खऱ्याखोट्याची पारख फार कठीण नाही. खरी अकादमी निवड होण्यासाठी पैसे मागत नाही. तिच्या सर्व फेलोंची, अगदी दिवंगतांचीही, यादी जाहीर असते आणि त्यात नाव, वर्ष व विषय शोधता येतात. तिचा इतिहास पत्त्यानिशी सापडतो. आणि 'मला फेलोशिप मिळाली' असे सांगणाऱ्याला 'कोणी सुचवले?' हा प्रश्न विचारला, की उत्तरातच बरेच काही कळते.

विद्यार्थ्यांसाठी

अकादम्या केवळ सत्कार करतात असे नाही. बंगळूरची अकादमी अनेक शोधपत्रिका प्रसिद्ध करते. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी जानेवारी १९९६ पासून निघणारे 'रेझोनन्स' हे मासिक तर संगणकावर विनामूल्य वाचता येते. त्याची इंग्रजी सोपी आहे आणि मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला ती थोड्या सवयीने जमते.

त्याहून उपयोगाची आहे ती तिन्ही अकादम्यांची संयुक्त उन्हाळी संशोधन अधिछात्रवृत्ती. विज्ञान व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना, तसेच महाविद्यालयीन शिक्षकांनाही, सुटीत सुमारे दोन महिने एखाद्या फेलोच्या किंवा नामवंत शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काम करता येते. निर्वाहभत्ता आणि प्रवासखर्च मिळतो. अर्ज बहुधा दिवाळीच्या आसपास मागवले जातात. अर्जात आपल्याला काय करून पाहायचे आहे, हे स्वतःच्या शब्दांत लिहावे लागते आणि शिक्षकाचे शिफारसपत्र जोडावे लागते. गावाकडील विद्यार्थ्यांचे अर्ज याच ठिकाणी कमी पडतात, कारण पाठ्यपुस्तकाबाहेरचा प्रश्न लिहून पाहण्याची सवयच त्यांना कोणी लावलेली नसते. सोलापूर विद्यापीठाच्या कक्षेतील प्राध्यापकांनी दरवर्षी दिवाळीपूर्वी एक दुपार यासाठी राखून ठेवली, तरी खूप होईल. जेऊरहून पुण्यास जाणाऱ्या गाडीच्या दुसऱ्या टोकाला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयुका, आयसर आणि आघारकर संशोधन संस्था या चारही संस्था आहेत.